गंगाखेडचें जुनें घर आणि त्याची चतुःसीमा

बखरींत आणि चरित्रांत वाडा बांधणाऱ्याचें नांव हटकून येतें. तो पुढें विकत घेणाऱ्याचें नांव बहुधा खरेदीखतांतच राहून जातें. वास्तविक पाहतां, शंभर वर्षें उभ्या राहिलेल्या घराचें आयुष्य एकट्या बांधणाऱ्याच्या हातीं नसतें. तें ज्यांच्या ज्यांच्या हातीं गेलें त्यांनीं राखलें म्हणून तें उभें असतें, आणि जो राखीत नाहीं त्याच्या हातीं तें संपतें. मराठवाड्यांतील जुन्या गांवांतून जीं ऐसपैस घरें आज विकलीं जात आहेत, त्यांच्या संबंधानें हा विचार विशेष निकडीचा झाला आहे. गांवाच्या मध्यवस्तींतील जागा म्हणून त्यांस गिऱ्हाईक मिळतें. परंतु गिऱ्हाइकाचें लक्ष बहुधा घरावर नसून घराखालच्या जमिनीवर असतें. गोदाकांठच्या गंगाखेडास डोळ्यांपुढें ठेवून, अशा घराची खरेदी म्हणजे नेमकी कशाची खरेदी, ह्या प्रश्नाचा इतिहासाच्या दृष्टीनें थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गंगाखेड हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. गोदावरीस ह्या भागांत गंगाच म्हणतात, आणि गांवाच्या नांवांत ती आहेच. संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून हें गांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंपरा अशी कीं, येथून तिला लहानपणींच पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि तिचें सारें आयुष्य नामदेवांच्या कुटुंबांत दळणकांडण करण्यांत व विठ्ठलाचें नांव घेण्यांत गेलें. जिच्या मालकीची एक ओसरीहि नव्हती तिच्या नांवानें गांव ओळखलें जावें, ही गोष्ट घरांच्या इतिहासाकडे पाहतांना विसरण्याजोगी नाहीं. तिच्याकडे आपण पुढें वळूं.

ह्या प्रदेशांतील जुनें सुखवस्तु घर रस्त्यावरून पाहिलें तर फारसें कांहीं सांगत नाहीं. काळ्या दगडाची उंच भिंत, तींत एक भक्कम दरवाजा, दरवाज्यास दिंडी, आणि आंत अडसरासाठीं भिंतींत ठेवलेलें भोंक, एवढेंच बाहेरच्यास दिसावयाचें. आंत शिरल्यावर ढेलज, मग चौक, चौकाभोंवतीं ओसऱ्या, त्यांच्या मागें माजघर व देवघर, आणि शेवटीं परसांत आड. घराचा विस्तार चौरस फुटांनीं मोजण्याची चाल अलीकडची. पूर्वीं तो खणांनीं सांगत, म्हणजे दोन खांबांमधील अंतर हें माप धरून. धान्य सांठविण्यासाठीं बळद असे, किंवा जमिनींत पेंव असे. दुष्काळाच्या वर्षीं ह्या बळदांकडे गांवाचे डोळे लागत. म्हणून त्यांच्या भिंतींची जाडी आणि दरवाज्याची मजबुती हीं जशीं सुबत्तेचीं तशींच भीतीचींहि लक्षणें होत.

परंतु ह्या घरांतील सर्वांत बोलकी वस्तु म्हणजे डोक्यावरचें माळवद. लांकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या पसराव्या, त्यांवर पाला घालावा, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवावा, अशी ही रीत. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं त्यावर नवी माती पडे. ही माती येई कोठून? आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेंत शेताच्या जमिनीस काळी व वस्तीच्या जमिनीस पांढरी म्हणत. पिढ्यान्‌ पिढ्या मातीचीं घरें पडत जाऊन, चुलींची राख व गुरांचें शेण मुरून, वस्तीच्या जागीं जी पांढरट माती सांचे, ती पाण्यास सहज वाट देत नाहीं हें लोकांनीं अनुभवानें जाणलें होतें. तीच खणून आणून माळवदावर टाकीत. दख्खनच्या प्राचीन वस्तींचा शोध घेणारे पुराणवस्तुसंशोधकहि अशाच पांढरीच्या टेकाडांचा माग काढीत असतात. तेव्हां आपल्या डोक्यावर जें छप्पर असे तें पूर्वीं कोसळलेल्या घरांच्याच मातीचें असे. शंभर वर्षांच्या घराचें वय आपण शंभर म्हणतों. त्याच्या माळवदाचें वय सांगणें सोपें नाहीं.

आतां घराच्या कागदांकडे वळूं. शंभर वर्षांपूर्वीं, म्हणजे १९२० च्या दशकांत, गंगाखेड निजामाच्या राज्यांत होतें, आणि १९११ सालीं गादीवर आलेले मीर उस्मान अली खान हे सातवे निजाम राज्य करीत होते. त्या राज्यांत कारभाराची भाषा पूर्वीं फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. म्हणून त्या काळचा सरकारी दस्त उर्दूंत मिळतो, आणि त्याच घराचें घरगुती टांचण, वांटणीचा कागद किंवा सावकाराची वही मोडींत मिळते. तारीख फसली सनाची असे. हें वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं सुरू होई, आणि त्याचे महिने आझूर, दै, बहमन अशा इराणी नांवांचे असत. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळासाठीं फसली सनांत ५९० मिळवावे, पुढील महिन्यांसाठीं ५९१ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. एखाद्या दस्तावर तीर महिना, १३३५ फसली असें असेल, तर तो सुमारें १९२६ च्या मे महिन्यांतील समजावा. किंमत लिहिलेली असे ती हाली शिक्क्याची. ब्रिटिश मुलखांतील रुपयास तेथें कलदार म्हणत, आणि सरकारी दरानें शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार. हा हिशेब ठाऊक नसलेला मनुष्य जुन्या दस्तांतील आंकडा वाचतो, पण किंमत वाचीत नाहीं.

राजवटी बदलल्या तसे घराचे पत्ते बदलले. १९२६ सालीं बांधलेलें घर जागचें हाललें नाहीं, पण तें प्रथम निजामाच्या हैदराबादेंत होतें. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतांतील हैदराबाद राज्यांत आलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्विभाषिक मुंबई राज्यांत गेलें. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. एकाच उंबरठ्यानें चार सरकारें पाहिलीं. आज घर घेणाऱ्याचा वकील साधारणतः तीस वर्षांमागील नोंदी तपासतो, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तें बहुतेक वेळां पुरेसें असतें. पण तीस वर्षें मागें गेलें तर आपण १९९० च्या दशकांतच थांबतों. शंभरांपैकीं पहिलीं सत्तर वर्षें ह्या तपासणीच्या बाहेरच राहतात. कायद्याचें समाधान जेथें होतें तेथें इतिहासाचें काम नुकतें कोठें सुरू होतें.

ह्या सत्तर वर्षांत एक काळ असा आहे कीं, त्या काळच्या खरेदीखताचें वर्ष पाहतांच वाचणाऱ्यानें थबकावें. १९४७-४८ मध्यें रझाकारांच्या धास्तीनें मराठवाड्यांतील पुष्कळ हिंदु कुटुंबें हद्द ओलांडून शेजारच्या मुलखांत गेलीं. त्यानंतर सप्टेंबर १९४८ मध्यें लष्करी कारवाई झाली, आणि मग अनेक ठिकाणीं मुसलमान कुटुंबांवर आपत्ति कोसळली. त्या घटनांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. तिचा अहवाल मात्र पुढें अनेक वर्षें अप्रकाशित राहिला. देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसंबंधीं १९५० सालीं स्वतंत्र कायदाहि झाला. ह्या दोन-तीन वर्षांत जें घर घाईनें आणि पडेल भावानें विकलें गेलें असेल, त्याचा दस्त कायद्यानें निर्दोष असूं शकेल. पण तो वाचतांना केवळ घेणाऱ्याचें नशीब न पाहतां देणाऱ्याचें संकटहि पाहणें हें इतिहासाच्या अभ्यासकाचें कर्तव्य आहे. मग देणारा कोणत्याहि धर्माचा असो. स्वतःच्या बाजूचें दुःख तेवढें नोंदवावयाचें आणि समोरच्याचें गाळावयाचें, असा इतिहास म्हणजे एका बाजूनें भरलेली वही होय.

दस्ताच्या तळाशीं सह्या असतात, आणि त्या सह्यांत समाजाची रचना उमटलेली असते. आपल्याकडील जुन्या कागदांत लिहितां न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, आणि बाईच्या नांवापुढें बांगडीची निशाणी असे. परंतु बांगडीची ही निशाणी क्वचितच दिसते. कारण वडिलोपार्जित घरांत मुलीस वांटा नव्हता, मग तिची संमति घेण्याचें कारण तें काय? ज्या माजघराची जमीन तिनें सारवली, ज्या जात्यावर तिनें दळलें, त्या घराच्या कागदांत तिचें नांव नाहीं. जनाबाईच्या गांवांत ही गोष्ट अधिकच लागते. जात्यापाशीं बसून तिनें जें अक्षर वाङ्मय निर्माण केलें तें टिकलें. परंतु दळणाऱ्या इतर सहस्रावधि बायकांची नोंद ना गाथेंत ना दस्तांत. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें ह्यांत पालट करण्यास आरंभ केला. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणें सहदायाद ठरली. आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क वडील त्या दुरुस्तीच्या वेळीं हयात असण्यावर अवलंबून नाहीं असा निर्वाळा दिला. म्हणून आज जुन्या घराचें खरेदीखत करतांना सासरीं गेलेल्या लेकी-बहिणींचा शोध घेऊन त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. पुष्कळ लोक ह्यास व्यवहारांतील खोळंबा म्हणतात. आम्हांस तो खोळंबा वाटत नाहीं. घराच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत ज्यांचें नांव कधीं आलें नव्हतें, त्यांचें नांव त्या घराच्या शेवटच्या कागदांत तरी येतें, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हक्कसोडपत्रावर केवळ सही घ्यावयाची आणि वांटा द्यावयाचा नाहीं, असें झालें तर बांगडीची निशाणी आणि ही सही यांत अंतर तें काय राहिलें?

आतां ह्या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. राजवट, भाषा, नाणें, सन हीं सर्व बदललीं तरी दस्ताचें एक अंग कधीं बदललें नाहीं. तें म्हणजे चतुःसीमा. शिलाहार-यादवांच्या काळच्या ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे चार आघाट सांगितलेले असतात. उर्दू दस्तांत त्यांसच हुदूद-इ-अर्बा म्हटलें आहे. आणि आजच्या खरेदीखतांतहि पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असें लिहावेंच लागतें. कोणतेंहि घर स्वतःच्या नांवानें ओळखलें जात नाहीं, तें चार शेजाऱ्यांच्या नांवांनीं ओळखलें जातें. समजा, एका जुन्या कागदांत पूर्वेस सोनाराचें घर, पश्चिमेस मठाची भिंत, उत्तरेस पिंजाऱ्याची जागा व दक्षिणेस सरकारी वाट असें आहे. तर एवढ्या एका ओळींत त्या गल्लीची वस्ती, तिचे धंदे व तिचा धर्म हीं सर्व आलीं. एका घराचा कागद हातीं आला तर पांच घरांची माहिती मिळते. एका गल्लींतील पांच-सहा घरांचे कागद एकत्र ठेवले तर साऱ्या वस्तीचा नकाशा उभा राहतो. गंगाखेडसारख्या गांवाचा इतिहास कोणा बखरकारानें लिहून ठेविलेला नसला, तरी तो असा चार-चार ओळींनीं घराघरांतील पेट्यांत विखुरलेला असतो.

शेजाऱ्याचें हें महत्त्व आपल्या धर्मशास्त्रानेंहि ओळखलें होतें. मराठवाड्याच्या शेजारीं कल्याणी येथें चालुक्यांच्या दरबारीं विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. तींत भूमीच्या हस्तांतरासाठीं गांव, ज्ञाति, सामंत म्हणजे सीमेवरचे शेजारी, आणि दायाद यांची अनुमति घ्यावी, व सुवर्ण आणि उदक देऊन तें पुरें करावें, अशा वचनाची चर्चा आहे. शेजाऱ्याची अनुमति कशासाठीं, तर पुढें सीमेचा तंटा होऊं नये म्हणून. आणि सुवर्ण व उदक कशासाठीं, तर स्थावराची विक्री निंद्य मानल्यामुळें विक्रीस दानाचें रूप यावें म्हणून. मुसलमानी धर्मशास्त्रांत शुफा नांवाचा हक्क होता. त्यानें लगतच्या मालकास घर प्रथम विकत घेण्याचा अधिकार मिळे. दोन निराळ्या परंपरा एकाच अनुभवावरून एकाच ठिकाणीं पोहोंचल्या, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. केवळ शेजारी म्हणून असलेला हा अधिकार १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटनेशीं विसंगत ठरविला, आणि तें योग्यच झालें. कारण ह्याच हक्काच्या आडून परक्या जातीच्या किंवा धर्माच्या मनुष्यास गल्लींत येऊं न देणें सोपें जाई. हक्क गेला, पण शेजार गेला नाहीं. सामाईक भिंत, पागोळ्यांचें पाणी, आडाचा वापर यांचे प्रश्न नव्या मालकास पहिल्याच पावसाळ्यांत भेटतात.

शेजाराचा हा अनुभव केवळ आपल्या गल्लीबोळांपुरता नाहीं. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेंत १९२१-२२ मध्यें राहत होते. तें घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं १४ नोव्हेंबर रोजीं स्मारक म्हणून त्याचें उद्‌घाटन झालें. परंतु राहत्या घराचें संग्रहालय करण्यास शेजाऱ्यांतून हरकत निघाली, स्थानिक कॅम्डेन परिषदेनें परवानगी नाकारली, आणि २०२० च्या मार्चमध्यें ब्रिटिश सरकारनें निर्णय दिला तेव्हां कोठें तो प्रश्न मिटला. एका राज्य सरकारास सुद्धां घर विकत घेतां आलें, शेजार विकत घेतां आला नाहीं! उलट बाजूचें उदाहरण पुण्याचें. नारायण पेठेंतील गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनीं १९०५ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून विकत घेतला. तेथें ‘केसरी’चें बिऱ्हाड झालें, गणेशोत्सव होऊं लागला, आणि पेठेनेंच त्या वास्तूस केसरीवाडा हें नवें नांव दिलें. संस्थानिकाचा वाडा लोकांचा झाला. तो तसा झाला तो खरेदीखतानें नव्हे. घेणाऱ्यानें दार कोणासाठीं उघडें ठेविलें त्यावरून झाला.

येथें एक रास्त आक्षेप निघेल. इतिहासाच्या हौसेपायीं लोकांनीं पडक्या घरांत जीव धोक्यांत घालून राहावें काय? हा आक्षेप मराठवाड्यांत तरी कोणीं हंसण्यावारी नेऊं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्रीं, किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें जमीनदोस्त झालीं आणि सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. मारणारीं घरें हींच, जाड दगडी भिंतींचीं आणि मातीच्या माळवदांचीं. भिंतीचे आंतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते. हादऱ्यानें दोन्ही पदर सुटले, आणि वर्षानुवर्षें मातीवर माती पडून जड झालेलें माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलें. ज्या पांढरीचें कौतुक आम्हीं वर केलें तीच त्या रात्रीं काळ झाली. म्हणून जुनें घर जसेंच्या तसें राखावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण किल्लारीनंतर तज्ज्ञांनीं पाडण्याखेरीज दुसरेहि उपाय सांगितले: माळवदावरील जादा माती उतरवावी, भिंतीच्या दोन्ही पदरांतून आरपार जाणारे दगड किंवा सळया घालून त्या बांधून घ्याव्या, भिंतींभोंवतीं पट्टा फिरवावा, आणि खांब व तुळया यांचे सांधे तिरक्या आधारांनीं बळकट करावे. जेथें एवढें करूनहि घर राहण्याजोगें होत नसेल, तेथें तें उतरवावें. माणसापेक्षां माळवद मोठें नाहीं.

परंतु घर उतरविणें आणि घराचा इतिहास उकिरड्यावर टाकणें ह्या दोन गोष्टी एक नव्हत. घर जातें त्या आठवड्यांत तुळया लांकूडवाल्याकडे जातात, कोरीव चौकट शहरांतल्या शौकिनाकडे जाते, आणि न वाचतां येणारे उर्दू व मोडी कागद रद्दींत जातात. विकणारा म्हणतो, ‘आम्हांला वाचतां येत नाहीं’; घेणारा म्हणतो, ‘आम्हांला त्यांची गरज नाहीं.’ दोघेहि खरें बोलतात, आणि दोघांच्या मधून एक गल्ली नाहींशी होते. मोडीचें वाचन शिकविणारे व शिकलेले लोक महाराष्ट्रांत आज आहेत. उर्दू वाचणारा तर बहुधा त्याच गांवांत, कदाचित्‌ त्याच दस्ताच्या उत्तरेकडील सीमेवर राहत असेल. राज्याच्या पुराभिलेख खात्याची शाखा छत्रपति संभाजीनगर येथें आहे. कागदांच्या प्रतिमा घ्यावयास हल्लीं खिशांतला फोन पुरतो. घर उतरविण्यापूर्वीं त्याचा खणावार आराखडा काढावा, जुन्या दस्तांच्या नकला करून चतुःसीमा एका वहींत उतरवाव्या, आणि ती वही गांवाच्या वाचनालयांत ठेवावी. घराच्या किंमतीच्या मानानें ह्याचा खर्च अगदींच किरकोळ आहे.

जुन्या शास्त्रकारांनीं भूमीच्या विक्रीस दानाचें रूप देण्यासाठीं सोनें व पाणी सांगितलें होतें. आजच्या घेणाऱ्याकडून कोणी सोनें मागत नाहीं. त्यानें जुन्या मालकाकडून किल्ल्यांबरोबर कागदांचा जुडगाहि मागून घ्यावा, आणि एक संध्याकाळ चारी सीमांवरच्या घरीं जाऊन तो वाचून घ्यावा. त्याच्या स्वतःच्या खरेदीखतांतहि त्याच चार घरांचीं नांवें येणार आहेत. आणि पुढें त्या चार घरांपैकीं एखादें विकलें गेलें, म्हणजे त्याच्या दस्तांत ह्याचें नांव येणार आहे.